जात्याची वरची तळी

जरा जवळ सरका, मायबाप हो. महाराज फेटा बांधताहेत. तोवर आपल्याच भागातली, एकसष्ट सालची एक गोष्ट ऐका.

ढाणकीजवळच्या गावात रामनवमीचं कीर्तन रंगात आलं होतं, आणि बायकांमध्ये बसलेली मथुराबाई एकदम उभी राहिली. बापूजी महाराज गात होते:

जीव माहा दाना बाई, देव बसला दळाले
पीठ कोनाच्या ताटात, नाही ठावं जात्याले

पुढं त्यांनी 'बापू म्हणे' जोडलं. लोक डोलले. ती ओवी मथुराबाईला त्याच पहाटे दळताना सुचली होती. दोघांची घरं भिंतीला भिंत लागून. सात वर्षं महाराजांच्या कीर्तनात जे जे गोड होतं, ते सारं त्या भिंतीतून गेलं होतं. हे तिला आत्ता उमगलं.

तिनं सांगितलं, ओवी माझी आहे. महाराज हसले. शब्द देव देतो, कोणाच्या तोंडी घालतो ते तोच जाणे, असं त्यांनी गोड आवाजात समजावलं. मग म्हणाले, "तुही आहे त एक नवी म्हणून दाखव. आत्ता, इथंच."

मथुराबाईनं तोंड उघडलं. हात दोन्ही बाजूंना नुसते लोंबत होते. एक शब्द आला नाही. मागून कोणीतरी म्हणालं, बाई, घरी जाय, भाकर करपली असंन. सारा मांडव हसला.

घरी येऊन ती रात्री रागानं जात्याशी बसली. मूठभर ज्वारी टाकली, खुंटा धरला. तिसऱ्या फेऱ्याला ओवी आली. तिच्यामागून दुसरी, तिसरी. महाराजांना मांडवात द्यायची उत्तरं, एकाहून एक धारदार. शब्द तिच्या डोक्यात नव्हतेच. ते दंडातून येत, त्या गरगरण्यातून. हात थांबला की वाणी मुकी.

आणि भिंतीपलीकडे कोणीतरी तीच चाल हलक्या आवाजात घोळवू लागलं होतं.

मथुराबाईनं खुंटा सोडला. मग तिनं जात्याची वरची तळी उचलली, छातीशी धरून मळ्यात नेली आणि पडक्या विहिरीत लोटून दिली.

दुसऱ्या दिवसापासून ती डोईवर ज्वारी घेऊन ढाणकीला इंजिनाच्या चक्कीवर जाऊ लागली. जाऊन-येऊन तीन कोस.

आषाढीला महाराज जुनंच गायले. गोकुळाष्टमीला मध्येच अडले. पेटीवाला एकच सूर धरून थकला, लोक एकेक करून उठले. दिवाळीत महाराजांनी नवंकोरं जातं आणून तिच्या दारात ठेवलं. तिनं त्याच्या खुंट्याला बकरी बांधली. पुढच्या रामनवमीला गावानं उमरखेडचे महाराज बोलावले.

शेजारच्या रुखमाबाईला राहवलं नाही. महाराजाचं ठीक झालं, पन तुह्या ओव्याही गेल्या की माय, तवा एवढंही कळलं नाही काय तुले, असं तिनं विचारलं.

मथुराबाई पीठ चाळत होती. "कळलं होतं," ती म्हणाली. "त्याच्या तोंडातून काढाच्या होत्या, त माह्या हातातूनच काढा लागल्या."

त्या सात वर्षांच्या ओव्या आपण आजही गातो, 'बापू म्हणे' असंच म्हणून. तिथं आलात की मनातल्या मनात मथुराबाईचं नाव घेत जा.