कागदावरचा ओढा

"नदीचं पात्र कोरडं," असं लिहून पाणी खात्याच्या इंजिनिअरने सहीसाठी कागद जीपच्या बॉनेटवर ठेवला.

फोर्तुनाता गावची मुखिया. तिच्या पायांखालची जमीनच सरकली. "अहो साहेब, कोरडं कसलं? आम्हीच वर अडवलंय पाणी! तुमची गाडी यायची म्हणून!"

खरंच होतं ते. नदीवर पूल नाही, वाट पात्रातूनच. म्हणून पाद्री येवो, नर्सबाई येवो, गावात गाडी यायची म्हटलं की पुरुषमाणसं वर जाऊन दगड-ढेकळांनी नदी अडवतात, पाणी बटाट्याच्या शेतांत सोडतात. पहाटे तेच केलं. आजचा पाहुणा नदीच बघायला येतोय, हे एकाच्याही डोक्यात येऊ नये? अक्कल गहाण टाकली होती सगळ्यांनी!

"तेओफिलो, फोडा तो बांध!" ती दिराला ओरडली. तो चार जणांना घेऊन चढणीला धावला.

इंजिनिअर माणूस वाईट नव्हता. आल्याआल्या गावची मक्याची आंबवलेली चिचा आवडीने प्यायला होता. "मावशी, याच पात्रातून आलो मी. ओल आहे, वाहतं पाणी नाही. पोचलो तेव्हा दिसलं तेच लिहायचं. कागदावर रकाने दोनच: बारमाही नदी, नाहीतर पावसाळी ओढा."

"ओढा लिहिलंत की खाणवाल्यांना परवाना मिळणार, वरचं सगळं पाणी ते नेणार. मग आमच्या अल्पाकांच्या कळपांनी काय दगड चाटायचे?"

"ते माझ्या हातात नाही."

तिने त्याची बाही धरली. "थोडं थांब रे पोरा. येईल ती. पाया पडते तुझ्या."

त्याने घड्याळ पाहिलं. हलकेच बाही सोडवली, सही केली, शिक्का मारला.

आणि नदी आली. आधी गढूळ फेस, मग गुडघाभर, मग मांडीभर पाणी. "आली! आली!" बायका नाचायलाच लागल्या. "बघा साहेब, बघा!"

त्याने पाहिलं. मग कागदाची घडी करून पिशवीत घातली. "शिक्का बसलाय, मावशी."

जीप अलीकडे, रस्ता पलीकडे. तेओफिलो धापा टाकत खाली आला, तसा इंजिनिअर अजिजीने त्याला म्हणाला, "काका, तासभर पुन्हा अडवाल का? परत जायचंय."

तेओफिलो सवयीने माघारी वळलासुद्धा. फोर्तुनाताने त्याचा दंड धरला. तिच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या, पण आवाज चढला नाही.

"कशाला अडवायचं? तुमच्या कागदावर इथे नदीच नाही, साहेब. जा की खुशाल."