वारस बसल्याशिवाय

"डावीकडून तिसरी काढ," मॅनेजर म्हणाले.

ती जागची हलली नाही. मेलेल्या डिस्कचा लाल दिवा चौथ्या डिस्कवर होता. पेटीवरचे आकडे शून्यापासून सुरू होतात, म्हणून चौथीवर तीनचा आकडा. नवख्यांची नेमकी इथेच फसगत होते. पण मॅनेजर काही नवखे नव्हते. ही पेटी त्यांनीच उभं राहून बसवून घेतली होती.

कारखान्यातल्या एकूण एक कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग या पेटीत साठायचं. अगदी या गार खोलीच्या कोपऱ्यातल्या कॅमेऱ्याचंही. पेटीची देखभाल तिच्याकडे होती. एखादी डिस्क मेली तर बाकीच्या निभावून नेतात. त्यात दुसरी गेली, की सगळ्यावर पाणी.

आणि त्या सगळ्यात तिच्या धाकट्या भावाचा हात होता. पट्ट्याच्या मशीनने तो कोपरापासून नेला. मशीनची संरक्षक जाळी त्यानेच काढली, असं मॅनेजर सांगत सुटले होते. जाळी कुणाच्या हुकमाने निघाली ते रेकॉर्डिंगमध्ये लख्ख दिसणार होतं. ते उघडायचा अधिकार फक्त चौकशी अधिकारी बाईंना, आणि त्या आत्ताच गेटवर पोचल्या होत्या.

तिची जीभ मुळात तिखट. नव्या पोरांना शिकवताना म्हणायची, "वारस बसल्याशिवाय प्रेत हलवायचं नाही." नवी डिस्क रिकाम्या खणात घालायची, तिच्यात सगळं उतरू द्यायचं, मगच मेलेली काढायची. पोरं हसायची, पण विसरायची नाहीत.

"तिसरी धडधाकट आहे, साहेब. मी नाही काढणार."

मॅनेजरांनी आवाज न चढवता नोकरीची आठवण करून दिली. तिच्या, आणि भावाच्याही.

तिच्या अंगाचा तिळपापड झाला. "त्याचा हात घेतलात, आता नोकरीची भीती काय घालता? माझीही घ्या. पण या डिस्कला मी बोट लावणार नाही. काढायचीच असेल तर स्वतःच्या हाताने काढा."

एवढं बोलून ती बाजूला झाली आणि भिंतीला टेकून उभी राहिली.

मॅनेजरांनी दाराकडे पाहिलं. मग सोनेरी घड्याळाचा हात पुढे करून तिसरी डिस्क खस्सकन ओढली. पेटी कर्कश ओरडायला लागली. त्यांनी डिस्क तिच्या हातात कोंबली, तेवढ्यात अधिकारी बाई आत आल्या.

मॅनेजरांचा चेहरा लगेच सुतकी झाला. बहीणच ती, हात कापत होते बिचारीचे, शून्यापासून मोजायचं की एकापासून यात गोंधळली, असं ते हळहळत सांगू लागले. दोन डिस्क गेल्या, आता काही म्हणता काही उरलं नाही.

बाईंनी तिच्या हातातल्या डिस्ककडे पाहिलं. तिने ती शांतपणे टेबलावर ठेवली आणि रेकॉर्डिंग पडद्यावर लावून बघू का, असं बाईंना विचारलं.

"मढं उकरून काय मिळणार आता?" मॅनेजर म्हणाले.

"मढं अजून जागेवरच आहे, साहेब. लाल दिव्याखाली. आज हलवणार होते, वारस कालच बसला, सगळं त्याच्यात उतरलंय. आज गेली ती एकच."

पडदा उजळला. भावाच्या मशीनच्या आधी त्यावर हीच खोली आली, आणि डावीकडून तिसऱ्या डिस्कवर एक सोनेरी घड्याळाचा हात.