पंख्याखालची खुर्ची

"रुमाल माझा, म्हणजे ताबाही माझाच," शेजवळ वकील म्हणाले.

खुर्चीत बसलेले मुजुमदार वकील उत्तर द्यायला सवयीने उठून उभे राहिले. "रुमाल टाकून तुम्ही चहाला गेलात. बसलो मी, तेव्हा ताबा माझा."

जमिनीचे दावे चालवणाऱ्या वकिलांसाठी तालुक्यात प्रशिक्षण शिबिर होतं. विषय होता, वाद तडजोडीने कसे मिटवावेत. हॉलमधला एकच पंखा चालू होता आणि ही खुर्ची नेमकी त्याच्याखाली होती.

व्याख्यानाला आलेल्या निवृत्त न्यायाधीशांनी दोघांचं म्हणणं ऐकलं आणि जेवणापर्यंत 'जैसे थे' ठेवायला सांगितलं. त्या क्षणी दोघंही उभे होते. त्यामुळे खुर्ची रिकामी राहिली, आणि तडजोडीचे फायदे दोघांनी तिच्या दोन बाजूंना उभं राहून, घाम पुसत ऐकले. जेवणानंतर आदेशाला मुदतवाढ मिळाली.

संध्याकाळी मंडपवाला बबन ढोबळे खुर्च्या गोळा करत तिथे पोचला.

"हात लावू नका," दोघं एकदमच म्हणाले. "प्रकरण न्यायप्रविष्ट आहे."

"अहो साहेब, खुर्ची माझी आहे. पाठीवर नाव बघा की."

शेजवळांनी चष्मा लावून नाव वाचलं. "नुसत्या नावाने मालकी सिद्ध होत नाही."

"अगदी बरोबर," मुजुमदार म्हणाले.

दिवसभरात दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. मग दोघांनी खिशातून आपापलं कार्ड काढून बबनच्या हातात ठेवलं.

"दावा लावावा लागेल. सोमवारी या."