निशाणाआधी दहा पावलं

मैना थांबली तेव्हा भिंत तिच्या नाकापासून पाच हातांवर होती. किसननं खाली उतरून तिचे पुढचे दोन्ही पाय चाचपले. पाय शाबूत होते. पण घोडीच्या पायांचं इथं कुणाला काय पडलंय?

बैलगाड्याच्या शर्यतीत पुढं घोडी पळते, मागं बैल. घोडीनं जरा कच खाल्ली की बैलही ढिले पडतात. शेवटचं निशाण ओलांडल्यावर बैलांना आवरायला पन्नास माणसं असतात, घोडीला आवरायला पाठीवरचा एकटा. त्यात यंदा घाटाच्या, म्हणजे शर्यतीच्या चढाच्या धावपट्टीच्या, वरच्या टोकाला भिंत आली होती. अण्णासाहेबांनी तिथली जमीन चाकणच्या एका गोदामवाल्याला विकली, त्यानं लगोलग कुंपणाची भिंत घातली. गावाचा घाट गावच्याच माणसानं आखूड केला, पण बोलणार कोण? बैल त्यांचे, घोडीही त्यांचीच.

अण्णासाहेब वर आले. आधी बैलांच्या कपाळावरून हात फिरवला. मग मैनेपासून भिंतीपर्यंतची जागा हातानं मापली आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पाच हात. एवढी जागा वाया घालवली राव यानं. टायमिंग घसरलं ते उगाच न्हाई."

"निशाणाआधी धा पावलं लगाम वढावाच लागतुया, अण्णासाहेब. पल्याड वढला तर ती भिंतीवरच जाईल."

"तीस वर्षं घोडी पळवलीस, आता भ्यायला लागलास व्हय?"

भ्यायलाच लागला होता तो. शिंगरू असल्यापासून मैनेला त्यानंच वाढवलं होतं. पण मालकापुढं हे बोलायची सोय नव्हती.

फायनलला अण्णासाहेबांनी मैनेवर संघर्ष नावाच्या पोराला बसवायचं ठरवलं. गडी पंचविशीतला, आठवडाभर कंपनीत शिफ्ट करणारा, रविवारी घोडी पळवणारा. घोडी खाली नेताना तो किसनजवळ थांबला.

"दादा, खरं सांगा. कुठं ओढू?"

"धा पावलं आधी. निशाणाकडं बघू नगंस, तिच्या कानांकडं बघ. कान मागं गेलं की वढ."

"अण्णासाहेब म्हणतात, निशाण ओलांडल्याशिवाय लगामाला हात लावायचा नाही."

"मग मला कशाला इचारतोस?"

संघर्ष मान खाली घालून निघून गेला. किसनला त्याचा राग आला नाही. अण्णासाहेबांचा आला, आणि त्याहून जास्त स्वतःचा. तीस वर्षं 'व्हय जी' म्हणण्यात गेली होती.

तो भिंतीपाशी गेला आणि तिला पाठ लावून, मैनेच्या वाटेत मधोमध उभा राहिला.

"भिंतीजवळचे बाबा, बाजूला व्हा," माईकवरून पुकारा झाला. किसन हलला नाही. दोघंजण त्याला ओढायला धावले.

खाली अण्णासाहेबांनी माईक हातात घेतला.

"राहू द्या त्याला तिथंच." घाटभर ऐकू गेलं. मग ते मैनेवर बसलेल्या संघर्षकडं वळले. माईक तोंडापुढंच होता. "आता तू लगामाला हातच लावू नकोस. म्हाताऱ्याला बघून ती आपोआप थांबंल."