गाऱ्हाण्यातलं नाव

मच्छीमार सोसायटीच्या बर्फ कारखान्यातला कॉम्प्युटर होड्या वाढल्यापासून रोज दुपारी अडकायचा. त्यातला बर्फाच्या पावत्या करणारा प्रोग्रॅम दहा वर्षांपूर्वी जवळच्या कट्टा गावच्या निकेतने लिहिलेला. महिन्यापूर्वी पुण्याहून फोनवर तो म्हणाला होता, "प्रोग्रॅममध्ये दोष नाही. ऑपरेटरला नीट चालवता येत नाही." त्यावर मॅनेजरने ऑपरेटर उर्वशीला खुर्चीवरून उठवून बर्फाच्या लाद्या मोजायला पाठवलं. तरी कॉम्प्युटर अडकतच राहिला, म्हणून आज निकेत स्वतः आला. प्रोग्रॅम मेमरी कुठे मागतो आणि कुठे परत करतो, हे दाखवणारं ट्रेसिंग टूल त्याने लावलं. स्क्रीनवर ओळी उमटल्या आणि त्याचे कान तापले. दर पावतीला मेमरी मागितली जात होती, परत मात्र होतच नव्हती; दुपारपर्यंत मशीन तुंबायचं. परत करायची ओळ तोच लिहायला विसरला होता. तेवढ्यात कारखान्यातल्या म्हाताऱ्या लवूकाकांनी कीबोर्डशेजारी नारळ ठेवला आणि मालवणी रीतीप्रमाणे देवाला गाऱ्हाणं घातलं. "बा देवा म्हाराजा, ह्या उर्वशीच्या हातसून जा काय चुकला-माकला आसात, ता पोटात घाल आणि कॉम्प्युटर बरो चलांदे रे म्हाराजा!" "व्हय म्हाराजा!" सगळे म्हणाले. सर्वांत मोठा आवाज उर्वशीचा होता. बर्फाने गारठलेले हात जोडून, डोळे मिटून ती उभी होती. काका नारळ फोडायला वळले, तसा निकेतने त्यांचा हात धरला. सकाळपासून ऑफिसातली मराठी बोलणारा तो पहिल्यांदाच मालवणीत बोलला. "काका, गाऱ्हाणा परत घाला. उर्वशीच्या जाग्यार माझा नाव घेवा."