शेवटचं गिऱ्हाईक

एका प्रोग्रामिंग भाषेच्या पाच आवृत्त्या तो लिनक्सवर कॉम्प्युटर चालवणाऱ्यांसाठी एकटाच सांभाळायचा, तेही फुकट. चार धड होत्या. पाचवी, सगळ्यात जुनी, म्हणजे निव्वळ मढं. तिचं एक भोक बुजवलं की दोन नवी पडायची. तिला हात लावायचीही त्याला शिसारी यायची.

"टाक ना काढून," बायको म्हणाली.

"कशी काढू? रोज सकाळी सहाला कुणीतरी एक जण ती नेटवरून उतरवून घेतोय. आठ वर्षांत एक दिवस खाडा नाही! बाकी सगळे कधीच नवीवर गेले. हा गाढव मात्र जागचा हलत नाही."

"मग त्यालाच गाठ आणि चांगले चार शब्द सुनाव."

त्याने बाह्या सरसावल्या, सगळ्या नोंदी उपसल्या आणि त्या माणसाचा पत्ता शोधून काढला. तो वाचून त्याचं तोंड कडू झालं.

"सापडला का गाढव?"

"टेबलाखाली बसलाय," तो जुन्या कॉम्प्युटरला लाथ घालत म्हणाला. "पाचही आवृत्त्या नीट चालतात का, हे रोज सकाळी तपासायला मीच बसवलाय त्याला."

"म्हणजे आठ वर्षं तू..."

"पुढे एक अक्षर बोलू नकोस."