सहाच्या आत परत

"पहिला पॉइंट चारला, दुसरा पावणेपाचला, तिसरा साडेपाचला. सहाच्या आत लॉजवर परत," जावयाची गाडी चालू करत कोंडीबांनी सांगितलं.

एकतीस वर्षं त्यांनी याच घाटातून एसटी चालवली होती. हौसाबाई मात्र पहिल्यांदाच इथं आल्या होत्या. उद्या सकाळी परतायचं होतं. त्याआधी इथला सूर्यास्त नवऱ्याशेजारी बसून बघायचा, एवढीच त्यांची इच्छा होती.

पहिल्या पॉइंटवर सूर्य चांगलाच वर होता. दुसऱ्यावर थोडा कलला. तिसऱ्यावर शेंगांची पुडी संपायच्या आत कोंडीबा उठले. "चला, सुटायची वेळ झाली."

"अहो, सूर्य अजून बुडायचाय."

"म्हणूनच निघायचं. बुडताना तो थेट डोळ्यांत येतो. वळण दिसत नाही."

"म्हणजे एवढ्या वर्षांत तुम्ही बघितलाच नाही?"

"मागं पन्नास माणसं बसलेली असायची. मी रस्ता बघत होतो."

हौसाबाईंनी हात पुढे केला. "किल्ली द्या."

"तुला कुठं चालवता येते?"

"म्हणूनच मागतेय." किल्ली कनवटीला खोचून त्या कठड्यावर बसल्या.

नाइलाजानं कोंडीबाही शेजारी टेकले. तासाभरानं सूर्य समोर आला, तेव्हा सवयीनं त्यांचा हात डोळ्यांवर गेला. मग तो त्यांनी हळूच खाली घेतला.

सूर्य डोंगराला टेकला आणि बुडाला. कोंडीबा बराच वेळ तिकडंच बघत राहिले. मग त्यांनी घड्याळ पाहिलं.

"सहा सत्तेचाळीस," ते म्हणाले. "उद्याची सकाळची फेरी रद्द."